मायनसची वायर

“आबा, गाडी सुरू होत नाहीये.”

निंबा मिस्तरीचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. सात महिन्यांनी चेतनचा आवाज!

बायकोच्या, सुषमाच्या, तेराव्याला बापलेकाचं जोरात वाजलं होतं. “गॅरेज विका आणि माझ्याबरोबर पुण्याला चला,” पोरगा म्हणाला. “तुझ्या दारात पडून राहायला मी भिकारी नाही,” हा म्हणाला. तेव्हापासून दोघांपैकी एकानंही फोन केला नाही. डिंडोलीच्या दोन खोल्यांत निंबा टीव्हीशी बोलत जेवायचा. पोराच्या नव्या गाडीचा फोटोसुद्धा भाऊबंदांच्या ग्रुपवर पाहिला. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, हिरव्या पाटीवर कुंकवाचं स्वस्तिक. रोज एकदा तरी तो उघडून बसायचा.

“काय व्हयनं रे?” घरची अहिराणी आपोआप तोंडात आली.

“किल्ली फिरवली की नुसतं टिक-टिक वाजतं.”

“ऐकव.”

चेतनने ऐकवलं. बारीक, कोरडा आवाज, कुणी बॉलपेन दाबावं तसा. निंबाने डोळे मिटून ऐकला.

“सेल्फ मारताना हेडलाइट मंद होते?”

“पार विझायला येते.”

“मग सेल्फची मोटर चांगली असणार. तिला करंटच पुरत नाही. बॅटरीची मायनसची वायर हलवून बघ. ढिली असेल.”

“आहे ढिली. पण आबा, पाना नाहीये.”

“शोध सावकाश. मी थांबतो.”

फोन तेवढा तुटू नये, एवढंच निंबाला वाटत होतं. पलीकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

“आबा, तुम्ही जेवता ना वेळेवर?”

“तू वायर आवळ आधी!”

“आवळतोय. गुडघा कसा आहे?”

“कुरकुरतो. सूनबाई बरी आहे ना, पूजा?”

“तुमची आठवण काढते. मीपण काढतो.”

निंबाने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“सुरू झाली, आबा!” चेतन एकदम म्हणाला.

इंजिनाचा आवाज काही आला नाही.

“हल्लीच्या गाड्या मुक्याच,” निंबा म्हणाला. “पण ही वायर परत ढिली होणार बघ. रविवारी फोन कर. लागलं तर मी येऊन बघीन.”

“खरंच याल?”

“मिस्तरीनं नाही यायचं तर कुणी?”

फोन ठेवला तेव्हा शेजारच्या उषाबाई भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या.

“काय मिस्तरी, सापडला का पोराच्या गाडीचा बिघाड?”

“सापडला की!” निंबाने डोळे पुसले आणि फोटो त्यांच्यापुढे धरला. “ही नंबराची पाटी हिरवी का असते, ठाऊक आहे?”

“नाही बाई.”

“विजेवर चालणारी गाडी आहे म्हणून. हिला इंजिनच नसतं, मग सेल्फ कुठून असणार?”