पाच वर्षांनंतरचा डोस

लसीकरणाच्या रांगेत सगळी तान्ही बाळं होती, आणि सदुसष्ट वर्षांचे दिगंबर सांगळे.

"बाळाचं वय?" सिस्टरने मान खाली घालूनच विचारलं.

"चार महिने," दिगंबररावांच्या नव्वदीच्या आईने सांगितलं.

सिस्टरला त्यात नवल वाटलं नाही. हल्ली मायलोमाच्या पेशंटचं कॅन्सर झालेलं रक्त मुळापासून काढून नवं वाढवत. त्या कोऱ्या रक्ताला ना गोवर ठाऊक असे, ना धनुर्वात.

सुई टोचून झाली. आई दंड चोळायला लागली.

"चोळू नका, आजी."

कार्डावर शेवटच्या डोसची तारीख पाच वर्षांनंतरची होती. दिगंबररावांनी ती दोनदा वाचली. हा उपचार येण्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांना फार तर वर्षभराची मुदत दिली होती.

"हा चुकवायचा नाही," सिस्टरने बजावलं.

"मी आणते ना त्याला," आई म्हणाली.