कानसेनांची पसंती

दुकानाच्या मागच्या खोलीत कानसेन डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांची बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कानसेन हे मित्रांनी ठेवलेलं नाव. गाण्यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी लोकांनी कंटाळून मान्य करून टाकलं.

टेबलावर तीन हेडफोन. विक्रेता बिचारा तासभर घसा कोरडा करत होता. दणदणाटी गाण्यांना बंद कपांचा घ्या, तो स्वस्तातला. सगळंच थोडं थोडं ऐकणाऱ्याला मधला पुरतो. आणि नुसता गळा ऐकायचा असेल तर हा जाळीचा, पण त्याची किंमत जुन्या स्कूटरएवढी. प्रत्येक वाक्याला कानसेनांनी ते माहीत असल्याचं सांगून त्याला गप्प केलं होतं.

दुकानाची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाने आपली गाणी आणायची आणि तीच तिन्ही हेडफोनांवर लावून बघायची. कानसेनांनी चौदा गाणी आणली होती. पंधरावं त्यांच्या बायकोने घुसवलं. ते गाडी लावायला गेले तेवढ्यात तिने आपल्या फोनवरचं गाणं विक्रेत्याला दिलं आणि कुणाचं ते सांगू नका म्हणाली.

गाणं तिचंच होतं. सहा वर्षं ती दुपारी, नवरा ऑफिसात असताना, गाण्याच्या बाईंकडे शिकत होती. घरात गायची सोय नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कानसेनांनी चार पाहुण्यांसमोर, हिचा आवाज मुलं झोपवण्यापुरता बरा आहे, असं म्हणून हशा मिळवला होता. त्यानंतर ती घरात साधं गुणगुणलीही नव्हती. आता पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात बाईंना तिला गायला बसवायचं होतं. हो की नाही ते आज संध्याकाळच्या आत कळव, असं त्यांनी बजावलं होतं. तिने मनाशी ठरवलं होतं, नाव न कळता यांना आवडलं तर हो म्हणायचं. वेडीच म्हणायची. सगळं जग सोडून परीक्षा द्यायची ती यांच्याकडे.

जाळीच्या हेडफोनमधून थोडा आवाज बाहेर झिरपत होता. तिला आपलाच आवाज डासाएवढा ऐकू येत होता. साथीचं व्हायोलिन थांबलं, ती एकटीच वर चढत गेली, आणि कानसेनांची मान हलायला लागली. मग मांडीवर बोटंही. गाणं संपल्यावरही त्यांनी लगेच डोळे उघडले नाहीत.

"वा," ते म्हणाले. हेडफोन काढून त्यांनी बायकोकडे पाहिलं. "याला म्हणतात गाणं. ऐकायला हवं होतंस तू. कोण आहे हो ही बाई?"

विक्रेता तिच्याकडे बघत राहिला. तिने पर्समधून फोन काढला, गाण्याच्या बाईंना 'हो' एवढं एकच अक्षर पाठवलं, आणि मगच मान वर केली.

"मी आहे," ती म्हणाली.

कानसेन हसले. मग त्यांनी विक्रेत्याकडे पाहिलं, त्याने मान डोलावली, आणि त्यांचं हसू जिथल्या तिथे राहिलं. त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला आणि गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. या वेळी डोळे उघडे होते. तिच्यावरच होते. तेच गाणं, तोच हेडफोन, तेच कान. मान मात्र जागची हलली नाही. पाचव्या मिनिटाला ती वर चढली तेव्हा त्यांनी कपाळाला आठी घातली, आणि ते काय म्हणणार ते तिला आधीच कळलं.

"वरच्या सुरांत आवाज चिरकतोय जरा," ते म्हणाले. "या महागड्या हेडफोनचं हेच वाईट. कुणालाही गायिका करून टाकतो."

विक्रेत्याला राहवलं नाही. साहेब, मघाशी तर तुम्हीच वा म्हणालात, असं तो बोलून गेला.

"मघाशी मला माहीत नव्हतं," कानसेन म्हणाले. त्यांनी जाळीचा हेडफोन बाजूला सारला आणि बंद कपांचा पुढे ओढला. "हाच द्या. घरचंच ऐकायचं तर एवढा खर्च कशाला?"

तिला कधी नव्हे तो राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्यांची नव्हे, स्वतःची. सहा वर्षं शिकून ही विचारायला आली होती कुणाला, तर यांना.

कानसेन खोका घेऊन काउंटरपाशी उभे होते. खोक्याचा कोपरा चेपलाय म्हणून त्यांना किंमत कमी करून हवी होती आणि त्या बाबतीत ते अगदी रंगात आले होते. तेवढ्यात तिच्या फोनवर बाईंचं उत्तर आलं. त्यांना फार आनंद झाला होता. कार्यक्रमाला पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तुझ्या मिस्टरांसाठी राखून ठेवते, त्यांनी लिहिलं होतं.

तिने उभ्या उभ्याच उत्तर दिलं. 'खुर्ची नको, बाई. त्यांची घरी ऐकायची सोय झाली आहे.'