भिंतीवरचा एकच खिळा

बेसमेंटच्या समोरच्या भिंतीवर एकच खिळा होता. गुणवंतनं त्यावरची तसबीर उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून खुर्च्यांच्या थप्पीमागं टेकवून ठेवली. पद्माबाई तेव्हा दाराशी बसून बूट काढत होत्या.

"तुम्ही निवांत बसा, मावशी," तो म्हणाला. "बाबासाहेबांना लावतो, मग तुमचंच काम."

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मंडळात वयानं सगळ्यांत मोठ्या माणसानं जयंतीचा पहिला हार घालायचा, अशी रीत होती. यंदा तो मान पहिल्यांदा पद्माबाईंकडे आला होता. एप्रिल अर्धा सरला तरी बाहेर पाऊस पडता पडता गोठत होता. तरी त्या पांढरं पातळ नेसून आल्या होत्या, वरून सुनेचं विंटर जॅकेट.

हॉल काळ्या लोकांच्या एका जुन्या चर्चचा. भाड्यानं देताना त्यांनी कागदावर लिहूनच दिलं होतं की भिंतीत नवा खिळा ठोकायचा नाही. म्हणून गुणवंतनं होता तोच खिळा घेतला. तीन वाजता कार्यक्रम संपला की तसबीर होती तिथं जाणार होती.

पद्माबाई उठल्या आणि खुर्च्यांमागची तसबीर त्यांनी आपल्याकडे वळवली. काचेवर धूळ होती, ती अंगठ्यानं पुसली. आत एक काळी म्हातारी ताठ बसली होती. डोक्याला पांढरं फडकं, हात मांडीवर. हात मोठे होते, कामाचे. खाली इंग्रजीत छापलेला कागद.

"यशोधरा, ही कोण गं?"

सून मेणबत्त्या ठेवून आली आणि वाचता वाचता सांगू लागली. बाईचं नाव मर्सी टॉलिव्हर. व्हर्जिनियात तंबाखूच्या मळ्यावर गुलाम होती. चोविसाव्या वर्षी पळाली. नदी गोठली होती, तिच्यावरून चालत इकडं आली. इथं लोकांचे कपडे धुऊन पोट भरलं.

"सुटली म्हणायची."

"नाही ना, आई. चार वेळा परत गेली. तेवीस माणसं आणली. डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन भर दिवसा रस्त्यानं चालायची म्हणे."

"तेच बरोबर," पद्माबाई म्हणाल्या. "डोक्यावर ओझं असलं की बाईला कुणी विचारत नाही, कुठं चाललीस."

कागदाच्या तळाशी फुली होती, जाड, तीही छापलेली. पद्माबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ही तिची सही," यशोधरा म्हणाली. "आपल्या पोरांना शाळा द्या म्हणून अर्ज केला होता, त्यावरची. लिहिता येत नव्हतं तेव्हा. पुढं शाळा निघाली, ती याच बेसमेंटमध्ये. मग पन्नाशीत पोरांच्या शेजारी बसून शिकली."

पद्माबाई स्वतः सही शिकल्या साठीला. त्याआधी रेशनच्या दुकानापासून नवऱ्याच्या पेन्शनपर्यंत सगळीकडे अंगठा.

तोवर गुणवंतनं बाबासाहेबांची तसबीर खिळ्यावर लावून सरळ केली होती. माणसं येऊ लागली होती. त्यानं हार पुढं केला. "या, मावशी."

पद्माबाईंनी हार घेतला, पण जागच्या हलल्या नाहीत.

"आधी बाईला तिच्या जागी लाव."

"मावशी, तीन वाजता लावतो ना. आणि बाबासाहेबांना कुठं ठेवू? खाली?"

"खुर्चीवर. घर तिचं आहे. आलेला माणूस खुर्चीवरच बसतो."

मागं कुणीतरी हसलं. गुणवंत हसला नाही. "बाबासाहेबांना खाली बसवलं असं उद्या टोरांटोपर्यंत होईल. सेक्रेटरी मी आहे."

"मग हार तूच घाल," त्या म्हणाल्या आणि हार त्याच्यापुढं धरला. "कुणाला तिच्या जागेवरून उठवून बाबासाहेबांना बसवायचं, ते माझ्या हातून होणार नाही. आपल्याला किती जणांनी उठवलं, बापा."

गुणवंतनं हाराकडे पाहिलं, मग खिळ्याकडे. शेवटी त्यानंच बाबासाहेबांची तसबीर उतरवली, हॉलमधली हाताची एकुलती खुर्ची आणली, रुमालानं पुसली आणि तिच्यावर ती ठेवली. मर्सी टॉलिव्हर पुन्हा खिळ्यावर गेली.

तेवढ्यात चर्चची देखभाल करणाऱ्या मिस डोरीन बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांवर टाकायच्या मिठाची पिशवी घेऊन आत आल्या. पद्माबाईंच्याच वयाच्या. त्यांनी अजून हलणारी चौकट पाहिली, खुर्चीवरचे सुटाबुटातले गृहस्थ पाहिले आणि काय झालं असेल ते त्यांना कळलं.

"सॉरी, मिस डोरीन," गुणवंत पुटपुटला.

"हू इज ही?"

यशोधरा तोंड उघडणार, तोच पद्माबाई म्हणाल्या, "सांग तिला, यांनी आम्हाला शाळेत बसवलं."

सुनेनं सांगितलं. मिस डोरीननी खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं, मग भिंतीकडे. पिशवी खाली ठेवली आणि वर निघून गेल्या.

"झालं," गुणवंत म्हणाला. "पुढच्या वर्षी दुसरा हॉल शोधा."

पायऱ्यांवर पुन्हा पावलं वाजली. मिस डोरीनच्या एका हातात हातोडी होती, दुसऱ्या हातात खिळा. त्या थेट पद्माबाईंपाशी आल्या, खिळा दाखवला आणि भिंतीकडे मान हलवून विचारलं, "व्हेअर?"

एवढं इंग्रजी पद्माबाईंना येत होतं. त्यांनी हार डाव्या मनगटात अडकवला, टाचा उंचावल्या आणि मर्सीच्या शेजारी, तिच्याच उंचीवर, उजवा अंगठा भिंतीला दाबला. काचेवरची धूळ अजून त्याला होती.

पांढऱ्या भिंतीवर ठसा उमटला. मिस डोरीननी खिळ्याचं टोक बरोबर त्यावर टेकवलं.