बाबांची फळी

“ही फळी बसवणारा सुतार नव्हता, ताई. वैरी होता,” मिस्त्री गुडघ्यांवर बसून म्हणाला.

लेकीला हसू फुटलं. “सुतार नव्हेच. बाबांचं काम आहे ते.”

बाबा शिंपी. सुईत दोरा डोळे मिटून ओवतील, पण हातोडी धरली की पहिला बळी अंगठ्याचा. त्यांची ही लांबलचक फळी लेकीच्या पलंगापासून निघून, दारातून, थेट आईच्या पलंगापर्यंत जायची आणि जन्मभर डुगडुगायची. पाहुणे तिच्यावर अडखळायचे, बाबांची यथेच्छ टिंगल करायचे. बाबा नुसते हसायचे. दुरुस्त मात्र करायचे नाहीत. तसेच गेले बिचारे.

आता मात्र थट्टा पुरे झाली होती. गेल्या महिन्यात रात्री उठलेली आई याच फळीच्या काठाला ठेचकाळून पडली. उजाडेपर्यंत तशीच पडून राहिली. हाक मारली नाही. पोरीची झोपमोड कशाला करायची! आणि पोरगी पलीकडच्या खोलीत ढाराढूर. एकदा झोपली की उशाशी ढोल बडवा, आवाजानं म्हणून जाग यायची नाही. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. घरभर नवी लाकडी जमीन घालायची, पण आधी खालचं सगळं सपाट आणि घट्ट करायचं, असं तिनं मिस्त्रीला बजावलं होतं.

मिस्त्रीनं वर आलेल्या फळ्या रंध्यानं उतरवल्या, खोलगट जागी पातळ पट्ट्या सारल्या, एकेक फळी स्क्रूनं खालच्या वाशांना आवळली. उरली बाबांची. शेजारची फळी काढून त्यानं आत टॉर्च मारला.

“ही सैल झालेली नाही, ताई. हिला कुणी कधी ठोकलंच नाही. मध्ये गोल लाकूड ठेवून बागेतल्या सी-सॉसारखी तोललीय.”

“काहीतरीच काय!” म्हणत तिनं आपल्या बाजूच्या टोकावर पाय दिला.

आई आपल्या खोलीत, दाराकडे पाठ करून पलंगावर बटणं निवडत बसली होती. आईला लेक जन्मायच्या आधीपासून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तरी ती पटकन वळली.

“दम लागला का गं?”

लेक जागच्या जागी खिळली. लहानपणी तिला रात्री-बेरात्री दम लागायचा. तोंडातून आवाज फुटायचा नाही, आणि फुटून तरी काय उपयोग! ती धडपडत खाली उतरायची, अन् दाराशी पोचायच्या आत आई हेच विचारत समोर हजर. आपल्यापायी आईनं कधी डोळ्याला डोळा लावला नाही, असंच ती आजवर समजत होती.

तिनं खाली पाहिलं. आईच्या पलंगाचा एक पाय फळीच्या दुसऱ्या टोकावर होता.

आईला ओठ दिसावेत म्हणून ती समोर जाऊन बसली. “आई, ही फळी बाबांनी मुद्दाम?”

“मग काय! मी रात्ररात्र तुझ्या उशाशी बसायचे. हे म्हणाले, तू नीज निवांत. पोरगी उतरली की पलंग हलेल.” आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “छान झोपायचे गं मी.”

“आणि सगळे बाबांना हसायचे, तरी कुणी सांगितलं नाही मला?”

“तुला कळलं असतं, तर मला उठवायला नको म्हणून तू फळी चुकवून चालली असतीस. ओळखत नाही का मी तुला?”

लेकीचे डोळे भरून आले. बाबा, तुमचे उपकार कसे फेडू, असं तिला अगदी मनापासून वाटलं. ती आईच्या गालावरून हात फिरवून उठली.

“आता मला कुठला दम लागतोय!” लेक हसून म्हणाली. “सांगते मिस्त्रींना, घट्ट आवळून टाका.”

मिस्त्री स्क्रू घेऊन तयारच होता. ती दारात आली आणि ओठ दिसू नयेत म्हणून आईकडे पाठ करून उभी राहिली.

“मिस्त्री, वरून अगदी सपाट करा, आईला पत्ता लागता कामा नये. पण फळी हलती ठेवा, आणि माझ्या पलंगाचा पाय माझ्याकडच्या टोकावर आणा.”