श्वास सोडण्याआधी

खाटेशी बसलेली जानकी तांडेल दर श्वासाला आईचा हात घट्ट आवळत होती.

“चेडवा, सोड जरा. मी खंय पळतंय?” आई कळवळली.

आई आठवडाभर काढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. जानकीची रजा उद्याच संपत होती.

बारा वर्षं ती समुद्रतळावर केबल जोडत होती. तिथल्या कामगारांना नॉटिलस या शंखातल्या समुद्रजीवासारखे कल्ले बसवलेले असत. कल्ल्यांवरून गेलेलं पाणी गळ्याखालच्या नळीतून जोरात बाहेर पडे आणि माणूस मागे ढकलला जाई. म्हणून श्वास सोडण्याआधी हाताला लागेल ते धरायचं, ही सवय घरच्या हवेतही सुटली नव्हती.

“तू नाय गो, आये,” जानकी म्हणाली. “हात सोडलंय तर मीच मागे जातलंय.”

आईने चादरीखालून दुसरा हात बाहेर काढला.

“मग ह्यो पण धर.”