पहिली काकडी

वेलावरच्या काकड्या पिवळ्या पडायला लागल्या, तेव्हा सगुणाचं डोकं फिरलं. पहिली काकडी गावदेवीला वाहिल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज. ती वाहायची घरातल्या मोठ्या माणसाने. आणि मोठं माणूस, म्हणजे तिचे सासरे गोपीनाथआबा, नाकाला टॉवेल लावून ओट्यावर ढिम्म बसलेले.

कारण काय, तर खत. बिअर काढून झाल्यावर उरलेला सातूचा चोथा कारखान्यात फुकट मिळतो, असं सगुणाला बचत गटात कळलेलं. तिने टेम्पोभर मागवला, त्यात शेण आणि पेंढा मिसळला, पावसाळा सरल्यापासून एकटीने तो ढीग वरखाली केला. सुरुवातीला आंबूस वास सुटला, हे खरं. समोरच्या नव्या बिल्डिंगीतल्या बायका भांडायला आल्या, त्यांचंही तिने ऐकून घेतलं. पण चोथ्याची काळीभोर माती झाली, वास गेला, वेल मांडवावर चढले. आबांचं नाक मात्र तिथंच अडकलेलं.

मागचे दोन मंगळवार त्यांनी असेच घालवले. एकदा म्हणे गुडघा धरलाय. एकदा म्हणे देवळात गर्दी असेल. खडवलीच्या गावदेवीला गर्दी! ती काय टिटवाळ्याचा गणपती आहे?

आज सगुणाने ताटात हळद-कुंकू, नारळ आणि काकडी ठेवली आणि ताट ओट्यावर आणून आदळलं. दुपारी भाजीचा टेम्पोवाला येणार होता. आजही माल नाही मिळाला तर तो पुन्हा या वाटेला फिरकणार नव्हता, तसं त्याने फोनवर सुनावलेलं.

"आबा, उठा. नायतर मी जाते."

आबांनी पहिल्यांदाच खरं काय ते सांगितलं. "दारूच्या उष्ट्यावर पिकलेलं देवीला कसं देऊ, बाय? माझा दिपेश खाल्ला त्या दारूनं."

माझा दिपेश! जसा काही तो सगुणाचा नवरा नव्हताच. इतके दिवस गुडघा आणि गर्दी, आणि आता हे. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जत्रेत देवीपुढे बाटली कोण ओततं, हे अगदी ओठावर आलेलं तिने गिळलं.

"माझा नाय खाल्ला?" ती म्हणाली. "एवढं नेलं तिनं आपलं. चोथा तरी घेऊ द्या. दोन पोरं आहेत माझी."

आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला, ताटातली काकडी उचलली आणि नाकाशी नेली.

सगुणाने कपाळावर हात मारला. हुंगलेलं देवीला चालत नाही, हे काय यांना सांगायला पाहिजे? ती ओरडणारच होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. दिपेश संध्याकाळी घरी आला की आबा त्याला दारातच थांबवायचे, डोळे मिटून त्याचं तोंड हुंगायचे आणि एक शब्द न बोलता आत निघून जायचे. आताही त्यांनी डोळे तसेच मिटलेले.

"नाय येत वास," आबा म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. मग काकडी सगुणाच्या हातात दिली.

"ही पोरांना काप. देवीला दुसरी तोडून आण."