स्पृहाच्या नावाचा टॅक्स

बहरीनमध्ये इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे तो वाचवण्याची हौस सदानंदला पुण्यात भागवून घ्यावी लागे. तिथे त्याने चार वर्षांच्या स्पृहाच्या नावावर ठेवी ठेवल्या आणि सरकारने नेमका कायदा बदलला. मुलांचं व्याज आता बापाच्या उत्पन्नात धरणार म्हणे!

बहरीनच्या हूरा भागातल्या आपल्या फ्लॅटमधून त्याने पुण्याच्या सीएला फोन लावला, तोही स्पीकरवर. "काहीतरी पळवाट काढा हो, बापटकाका!"

"व्याजाला एकच सूट आहे. मूल कायमचं अपंग हवं. आंधळं, बहिरं, असं काही. सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो."

हेमाच्या हातातलं लाटणं थांबलं. पोरीला तपासून आणू या, म्हणून ती दोन वर्षं नवऱ्याच्या मागे लागली होती. 'आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात' हे त्याचं ठरलेलं उत्तर. टॅक्सपायी का होईना, आता हा सुट्टीत डॉक्टरकडे नेईल.

सदानंदने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. मग म्हणाला, "पूर्ण टॅक्स भरून टाका, काका."



आणि पाठमोऱ्या खेळणाऱ्या लेकीला त्याने मोठ्याने, मग आणखी मोठ्याने विचारलं, "ऐकलंस ना गं, स्पृहा?"